भिंतीतली मेढ आणि उडण्याची अकरा पुस्तकं

तारीख अकरा डिसेंबर. रक्कम सत्तावन्न रुपये साठ पैसे. हजर: मी, माझी बायको सविता आणि रद्दीचा टेम्पो घेऊन आलेले इक्बालभाई. बारा रुपये किलोने चार किलो आठशे ग्रॅम पुस्तकं मी वखारीच्या काट्यावर स्वतः तोलली आणि अठ्ठावन्न रुपये दिले. वरचे चाळीस पैसे मी सोडून दिले असं सगळ्यांना सांगतो. सोडले असते तर आज लक्षात राहिले नसते.

मी डहाणूला चिकूच्या वखारीत वजनं लिहितो. खोक्यांच्या तळाशी आणि थरांच्या मधे कागद घालावा लागतो, म्हणून आमच्याकडे दर आठवड्याला रद्दी येते. बहुतेक वर्तमानपत्रं असतात. त्या दिवशी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा निघाला. कुणा निवृत्त मास्तरांचं घर रिकामं केलं होतं म्हणे. एकूण अकरा पुस्तकं. सात मराठी, दोन गुजराती, दोन इंग्रजी, आणि सगळीच्या सगळी उडण्याबद्दल. मी सुतळी सोडत होतो, वरच्या पुस्तकावर पंख पसरलेलं विमान होतं, आणि नेमकी तेव्हाच पायाखालची फरशी सरकली. टेबलावरचे चिकू घरंगळले. पत्र्याचं छप्पर खडखडलं. मी मान वर केली तोवर दाराशी खोक्यावर बसलेली सविता बाहेर आंब्याखाली पोचलीसुद्धा होती.

सात सेकंद. मी धक्क्यांची वही ठेवतो, तीत तसं लिहिलेलं आहे.

ते सगळं आत्ता आठवण्याचं कारण असं की पुन्हा डिसेंबर आहे. सकाळी डोंगराकडून कोरडा वारा येतो, संध्याकाळी तो फिरतो आणि नरपडच्या बाजूने सुकत्या मासळीचा वास घेऊन येतो. चिकू झाडावर लगडलाय. आणि गेल्या मंगळवारी, बरीच वर्षं शांत गेल्यावर, स्वयंपाकघरातली भांडी पुन्हा एकमेकांवर आपटली. तीन सेकंद फक्त. सविता भाजी चिरत होती, तिने विळीवरून हात काढला, थांबली, पुन्हा चिरायला लागली. मी मात्र तेव्हापासून एका जागी बसू शकत नाही. वखारीत एक वजन दोनदा लिहितो. घरी आलो की तुळईला टांगलेला ओळंबा बघतो. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो. त्या हिवाळ्यात मी तो टांगला आणि आजतागायत काढलेला नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुक्यांत जमीन हलत होती. एक मोठा धक्का बसला आणि संपलं, असं ते नव्हतं. आठवड्यात दोन, कधी दिवसात तीन, मधे पाच दिवस काही नाही, आणि हुश्श म्हणावं तोवर पुन्हा. लोक अंगणात राहायला आले. शाळेचे वर्ग वडाखाली भरत. प्रत्येक दारापुढे निळी ताडपत्री. विमानं आमच्या डोक्यावरूनच मुंबईला उतरायला जातात. वरून पाहणाऱ्याला आमचे पाडे कसे दिसत असतील, असं मला फार वाटे.

आशागडचं आमचं घर मी बांधलंय. गवंडी होता, पण सिमेंट-वाळूचा एकास सहा माल मी समोर उभा राहून कालवून घेतला. सिमेंटची गोणी न् गोणी, सळीचा तुकडा न् तुकडा माझ्या हिशेबात होता. पंधरा-वीस दिवसांनी आजूबाजूची माणसं आपापल्या घरात परत गेली. सविता गेली नाही. मुलगा वापीला कंपनीत, घरात आम्ही दोघंच. ती अंगणातल्या चुलीवर रांधायची, अंगणातच अंथरूण घालायची, आणि मी वखारीत निघालो की डबा घेऊन बरोबर यायची, घराजवळ एकटीने थांबायला नको म्हणून. काही आणायचं असलं की मी आत जायचो. शेजारच्या भाऊंनी एकदा कुंपणावरून विचारलं, वहिनी, तुमची पिकनिक अजून चालूच का? तिने चुलीवरून मान न वळवता सांगितलं, तुमची जागा राखून ठेवलीय, स्लॅब पडला की या.

मी मोजून बांधलेल्या घरात माझीच बायको पाऊल ठेवत नव्हती. घर पडलं असतं तर लोकांनी भूकंपाला नाव ठेवलं असतं. घर उभं होतं, आणि ती बाहेर होती. नाव कुणाला ठेवायचं?

मी तिला सळीची जाडी सांगितली. तुळया सांगितल्या. ती सगळं ऐकून घ्यायची आणि तेच म्हणायची.

"धक्का बसला की मधल्या भिंतीत कुणीतरी आतून वाजवतं."

भांडी वाजतात, असं मी म्हणालो. भांडी मला कळतात, असं ती म्हणाली. तिथे आमचं बोलणं संपायचं. दिवसेंदिवस तिथेच संपत होतं, म्हणून मी पुस्तकं उघडली. खरं सांगतो, वाचनाची आवड वगैरे काही नव्हती. वखारीतून आल्यावर अंधार पडेपर्यंतचे दोन तास न बोलता काढायचे कसे, एवढाच प्रश्न होता. मी ताडपत्रीखाली बसून मोठ्याने वाचायला लागलो. ती तांदूळ निवडायची.

आता वखारीतली पोरं, बागायतदार, इतकंच काय इक्बालभाईसुद्धा मला विचारतात, विमानावरचं काही वाचायचं तर कुठून सुरुवात करू? मी आजवर विमानात बसलेलो नाही. पण माझं मत ठाम आहे. वैमानिकाने लिहिलेलं पुस्तक आधी घेऊ नका. विमान दुरुस्त करणाऱ्याने लिहिलेलं घ्या.

आमच्याकडे तसं एक आहे. करड्या पुठ्ठ्याचं, दोनशे चार पानांचं. या माणसाने तीस वर्षं विमानांची इंजिनं उघडली आणि मिटली. काम संपलं की तो अवजारं मोजायचा. पेटीतून बावीस काढली तर बावीस परत आली पाहिजेत, नाही तर विमान हलायचं नाही. एकदा एक पाना कमी भरला. त्याने विमान चार तास थांबवलं, इंजिन पुन्हा उघडलं, वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या. पाना त्याच्याच मागच्या खिशात निघाला. हे वाचताना सविता इतकी हसली की सुपातले तांदूळ सांडले.

"चार तास माणसं ताटकळत ठेवली आणि पाना खिशात! बघा बघा, तुमच्याच कुळातला कुणी असेल."

तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली होती. मला त्या माणसाचा पत्ता असता तर मी त्याला चिकूची पेटी पाठवली असती. पण तो पुढे जे लिहितो ते मला जास्त पटलं. पाना खिशात सापडल्याची त्याला लाज वाटली नाही. न मोजता विमान सोडलं असतं आणि ते सुखरूप उतरलं असतं, तर आयुष्यभर वाटली असती, असं त्याचं म्हणणं. सुखरूप उतरणं हा पुरावा नव्हे. या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. मी एरवी पुस्तकात रेघा मारत नाही.

दुसरं द्यायचं तर ग्लायडर शिकवणाऱ्या बाईचं. ग्लायडरला इंजिन नसतं. दोरीने ओढून वर सोडायचं आणि पुढे हवेवर तरंगायचं. खालची जमीन जिथे तापते तिथून गरम हवा वर उठते, त्या हवेच्या खांबात विमान गोल फिरवत वर न्यायचं. आणि हवेचा खांब दिसत नाही, म्हणून ही बाई घारी शोधायची. घारी गोल फिरताना दिसल्या की विमान तिकडे वळवायची. सविता इथे वाद घालायला लागली. तिचं माहेर तलासरीच्या पूर्वेला, डोंगरातल्या पाड्यावर. तिथे भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा जाळून राब भाजतात. तिच्या मते जळत्या राबावर घारी येतात त्या पळणाऱ्या उंदरांसाठी आणि टोळांसाठी, हवा खायला नव्हे. मी म्हटलं, उंदीर संपल्यावरही घारी तासभर वर फिरत राहतात ना? त्या कशाला? तिने जरा विचार केला. मग म्हणाली, पोट भरल्यावर मजा म्हणून. आणि बाई तेच सांगतेय, मी म्हणालो. त्या संध्याकाळी मधल्या भिंतीचा विषय निघाला नाही.

फवारणीच्या वैमानिकाचं मात्र मी कुणाला सुचवत नाही. कापसावर औषध फवारण्यासाठी जमिनीपासून दहा फुटांवरून उडणारा शूर माणूस, फोटोही छान. पण एका तासात फवारलेलं जे क्षेत्र तो सांगतो, ते मी विमानाचा वेग आणि फवाऱ्याची रुंदी गुणून पडताळून पाहिलं. दोनदा पाहिलं. जमत नाही. जो एकरांत फुगवतो त्याच्या वादळाच्या गोष्टीवर मी विश्वास का ठेवावा? सविता म्हणते, गोष्ट गोष्टीसारखी वाचावी. वाचावी. पण मग मला झोप येते.

आणि सगळ्यांत आवडतं पुस्तक. त्याची मी शिफारस करतो आणि त्याचं नाव सांगू शकत नाही, कारण त्याला नावाचं पानच नव्हतं. मुखपृष्ठ नाही, पहिली सहा पानं नाहीत. सातव्यापासून एकशे अठराव्यापर्यंत, म्हणजे एकशे बारा पानं. विमानं लाकडाची आणि कापडाची होती तेव्हाची गोष्ट. पंखाच्या सांगाड्याला पातळ लाकडी बरगड्या, त्या दोऱ्याने बांधलेल्या, त्यावर कापड ताणलेलं, कापडावर कसलंसं द्रावण फासलेलं, ते वाळलं की सगळं ताठ. पानोपानी चित्रं. मी वाचत होतो आणि सविता चित्र बघायला सरकली.

"हा तर कूड आहे," ती म्हणाली.

कूड म्हणजे तिच्या माहेरच्या घराची भिंत. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, आडव्या बांबूला बांधायच्या, वरून शेणामातीने लिंपायचं. तिने बोट ठेवून दाखवलं. ही उभी काठी, हा आडवा, ही बांधणी, हे लिंपण. मी तोवर चित्राखालची मापं वाचत होतो. त्या हिवाळ्यात तिच्या पाड्यावरची कुडाची घरं डुलली आणि परत उभी राहिली. भेगा गेल्या त्या नव्या विटांच्या घरांना. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी पान उलटलं.

आता अकरावं. गुजराती, जाड, काळ्या कापडी बांधणीचं. विमानांच्या अपघातांच्या चौकशा. मी गुजराती बोलतो पण वाचायला अक्षर लावावं लागतं. सविताची शाळा हद्दीपलीकडची, गुजराती माध्यमाची, तिला ते मराठीपेक्षा भरभर येतं. पहिल्याच दिवशी चाळून मी हे पुस्तक घरात माळ्यावर टाकलं. तुटलेल्या पंखांचे फोटो तिने आत्ता बघायला नकोत. आणि लपवायला घरासारखी जागा नव्हती, ती तिथे येतच नव्हती. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण तसंच झालं.

जानेवारीतल्या एका दुपारी तिने पुस्तकांची चळत मांडीवर घेतली.

"अकरा म्हणाला होतात ना? सगळ्यांना अकरा सांगत फिरता. ही दहा आहेत."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मोजायला चुकलो. मला ते म्हणता येईना. मी माळ्यावर चढलो आणि पुस्तक आणून दिलं. तिने फोटो पाहिले, मग सुरुवातीपासून वाचायला लागली. तीन दिवस. मी वखारीत काट्यावरून तिच्याकडे बघत राहायचो, आता घाबरेल, मग घाबरेल. चौथ्या दिवशी घरी चालत येताना मी विचारलं, कसं आहे? बरं आहे, म्हणाली. मी म्हटलं, भीती नाही वाटत?

"वाटते की. पण इथे निदान कारण सांगतात. शेवटच्या पानावर कारण असतं. आपल्याला दोन महिने नुसतं सांगतायत, घाबरू नका."

आणि मग तिने मला त्या पुस्तकातलं एक प्रकरण सांगितलं. एका विमानाचा पंख उतरतानाच मोडला. लाकूड चांगलं होतं, धातूही चांगला होता, दोन्ही तपासून घेतलेले. मोडलं ते दोघांच्या जोडावर. एक थरथरतं तेव्हा वाकतं, दुसरं वाकत नाही. हजार वेळा थरथरलं की चीर पडते, आणि ती नेहमी जोडापासून सुरू होते. चौकशी करणारे तुकड्यांपाशी बसले आणि एकमेकांना एकच प्रश्न विचारत राहिले, इथे वेगळं काय आहे?

फाटकापाशी आलो तेव्हा ती थांबली. समोर घर. माझं, मोजलेलं.

"आपल्या मधल्या भिंतीत काय आहे, जे भिंतीचं नाही?"

मला ते तिच्याआधी कळायला हवं होतं. माझ्या वडिलांचं घर कुडाचं होतं. त्या घराचा मधला खांब, ज्याला आम्ही मेढ म्हणतो, तो सागाचा. आमच्याकडे घर मोडलं तरी मेढ टाकत नाहीत, जाळत तर नाहीच. नवं घर बांधताना मी ती टेम्पोत घालून आशागडला आणली आणि मधल्या भिंतीत बसवली. चारी बाजूंनी वीट, वरून गिलावा. गवंडी म्हणाला होता, लाकूड भिंतीत नको. मी सगळ्या गोष्टींत त्याला आकडे विचारले, या एका गोष्टीत विचारले नाहीत. वडिलांची मेढ, तिचा काय हिशेब करायचा? नारळ फोडला, हळद लावली, गिलावा मारला. सविता तेव्हा आईच्या आजारपणात माहेरी होती. मेढ घरात आहे एवढं तिला माहीत होतं. कुठे आहे ते मी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. गिलावा काढल्यावर दिसलं. नऊ वर्षांत लाकूड आकसलं होतं, विटेत आणि मेढीत बोट जाईल एवढी पोकळी झाली होती. धक्का बसला की मेढ आतल्या आत विटेवर आपटत होती. भेग तिथूनच निघाली होती. दोन फूट सात इंच. बाकी भिंतीवर मी तासभर बॅटरी फिरवली. कुठे केसाएवढी चीर नव्हती. सविता दारातून बघत होती, उंबऱ्याच्या बाहेर. मी तिला म्हटलं, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. नऊ वर्षांच्या घरात आणि बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी याआधी किती वेळा बोललो होतो, त्याचा आकडा माझ्याकडे आहे. तो इथे देत नाही.

मेढ काढून भिंत बुजवली. पण मेढीचं काय करायचं? टाकायची नाही. शेवटी सविताने माहेरी निरोप पाठवला आणि तिचे लहानू मामा आले, कारवीचे भारे आणि कोयता घेऊन. सत्तरीचा माणूस, काटक, कूड बांधण्यात पंचक्रोशीत नाव. अंगणात आडव्या पडलेल्या मेढीवर त्यांनी हात फिरवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"शिकलेला जावई. मेढ भिंतीत कोंडली. ती उभी राहायची वस्तू, तिला वारा लागतो. माणसाला कोंडलं तर तो पण भिंतीला धडका देल."

अंगणाच्या उत्तर बाजूला, दहा बाय बारा, मधे मेढ उभी करून मामांनी सहा दिवसांत कुडाची खोली उभी केली. दुपारी भाकर खाल्ली की ते ताडपत्रीखाली आडवे होत आणि उशाशी पडलेलं लाकूड-कापडाच्या विमानाचं पुस्तक उचलत. अक्षरओळख नाही. चित्रं बघायचे, एकेक चित्र पाच पाच मिनिटं. एकदा मला हाक मारून पंखाच्या बरगड्यांची बांधणी दाखवली आणि विचारलं, हा उडाला? उडाला, मी सांगितलं. मग ते म्हणाले, गाठ चुकीची मारलीय, नायतर अजून उडाला असता.

सातव्या दिवशी मी मजुरी काढली. सहा दिवसांची, चालू दराने, पाकिटात. मामांनी पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही. भाचीच्या घरी मजुरी घेतात का? मग काहीतरी घ्या, असं मी फार धरून बसलो. मला देणं ठेवून चालत नाही. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि ते पुस्तक उचललं.

माझं वाचून झालं नव्हतं. मी साठाव्या पानावर होतो. एक माणूस पहिल्यांदाच समुद्रावरून निघाला होता आणि इंजिनाचा आवाज बदलला होता, तिथे. न्या मामा, म्हणालो. सविताने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

चार दिवसांनी धक्का बसला. मी वखारीत होतो, ती घरी होती. त्या आठवड्यात ती माझ्याबरोबर यायची थांबली होती. मी फाटकात सायकल टाकून धावत आत आलो तर अंगणात कुणी नाही. कुडाच्या खोलीत नाही. ती घरात होती, मधल्या भिंतीला कान लावून, हातात ओळंब्याची दोरी धरून.

"आता नुसतं घर हललं," ती म्हणाली. "वाजवलं कुणी नाही."

त्या संध्याकाळी तिने चूल आत पेटवली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. सविताची संपली. ती सरळ आत राहायला गेली, जणू कधी बाहेर आलीच नव्हती. अस्वस्थपणा तिचा सुटला आणि मला येऊन चिकटला. चौकशीचं पुस्तक आता मी वाचतो, अक्षर लावत लावत. कुठल्याही घरात गेलो की जोड बघतो. दाराची चौकट आणि भिंत. जुना मजला आणि नवा जिना. आगर गावात एका लग्नात मांडवाचे खांब बघत फिरलो, आणि नवरदेवाचे वडील आचाऱ्याला विचारत होते, हे पाहुणे कोणाकडचे? थरथरल्याशिवाय जोड कळत नाही आणि थरथरावं असं तर कुणाला वाटत नाही. मग माणसाने करायचं काय? दुरुस्तीवाला म्हणतो, मोजत राहा. ग्लायडरवाली म्हणते, घारी बघा. मी दोन्ही करतो. तरी मंगळवारच्या तीन सेकंदांनंतर मला त्या साठाव्या पानापुढचं हवं झालं. त्या माणसाच्या इंजिनाचं काय झालं? इतकी वर्षं मी म्हणत होतो, काही घाई नाही. आता घाई वाटायला लागली.

सविता म्हणाली, मग जा ना, मामा काय परदेशात आहेत?

रविवारी गेलो. तलासरीहून आत जीप, मग दीड किलोमीटर चढण. मामा आता ओसरीवर बसूनच असतात, पण हात चालू होते, टोपली विणत होते. मी चिकू पुढे ठेवले, इकडची तिकडची विचारपूस केली, आणि मग म्हटलं, मामा, ते पुस्तक आठवडाभर मिळेल का? वाचायचं राहिलंय. परत आणून देईन, तारीख सांगून.

मामांनी टोपली बाजूला ठेवली. आढ्याजवळ खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढायला सुनेला सांगितलं. पुस्तक जसंच्या तसं होतं, धुराने थोडं पिवळं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही. मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवला.

"तू दिलंस खरं. पण चित्रं दिलीस. आत काय लिवलंय ते कुठं दिलंस?"

मजुरीऐवजी पुस्तक दिलं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला दिलं, आणि फिटलं म्हणून घरी झोपलो. अवजारं मोजणाऱ्या माणसाच्या पुस्तकात मी रेघ मारून ठेवली होती. पाना माझ्या खिशात होता.

मी ओसरीवर मांडी घातली आणि सातव्या पानापासून सुरुवात केली. साठापासून नाही. मामा डोळे मिटून ऐकत होते. चित्राचं पान आलं की डोळे उघडायचे, बोट ठेवायचे, पुन्हा मिटायचे. गाठीच्या वर्णनापाशी त्यांनी मला थांबवून दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, हां, म्हणून तशी मारली त्याने. माझं चुकलं. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं. सून चहा ठेवून गेली. साठावं पान आलं तेव्हा माझा घसा बसला होता. समुद्र, आणि आवाज बदललेलं इंजिन. मी पान उलटलं.

आणि घर हललं. कारवी करकरली. आढ्याला टांगलेला वाळक्या भोपळ्याचा बियाण्याचा तुंबा डावीकडून उजवीकडे झुलायला लागला. माझं बोट ओळीवरून सुटलं, मी उठायच्या बेतात होतो, ओठांवर एक, दोन, तीन आलेच होते. मामांनी डोळे उघडले नाहीत.

"पुढं वाच, जावई. तो पाण्यावर आहे अजून."

तुंबा झुलत होता तोवर मी पुढे वाचलं. किती सेकंद ते वहीत नाही.

लहानू मामांना त्या दिवशी पोचती केली: पान सात ते सहासष्ट, एकूण साठ पानं, मोठ्याने. हजर: मी, मामा, आणि दाराआड त्यांची सून. पुस्तक त्यांच्याकडेच आहे. उरलेली बावन्न पानं मी येत्या रविवारी देणार आहे. तो माणूस किनाऱ्याला लागला की नाही, ते मला ठाऊक नाही. पुढे डोकावायला मामांनी मनाई केली आहे.